पाखऱ्याचं काय करायचं, बाळ्या?

बाळ्या, उद्या तुझा दहावा. जेवणं उरकलीत, पोरी आत पडल्यात, मांडववाला बांबू टाकून चहाला गेलाय आणि मी तुझ्या पडवीत कागद घेऊन बसलेय. समोर गोठ्यात पाखऱ्या उभा आहे. मघापासून माझ्याकडं एकटक बघतोय. दोनदा तोंड फिरवून बसले, तरी त्याचं चालूच. तुझीच सवय लागलीय त्याला. एकदा माणसाच्या मागं लागला की सोडायचा नाही.

फाट्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. 'सुप्रसिद्ध गाडामालक बाळासाहेब' म्हणून. उभ्या जन्मात तुला बाळासाहेब कुणी म्हटलं नव्हतं, आता म्हणतात. गुलालानं माखलेला फोटो टाकलाय, दशक्रियेला असला फोटो टाकतात का रे कुणी? आणि खाली 'शोकाकुल' म्हणून जी नावं आहेत, त्यात पहिलं नाव पाखऱ्याचं. मग सुनंदा, मग पोरी, मग तुझे ते सगळे बैलगाडा शर्यतीचे दोस्त. माझं नाव राहूनच गेलं. सख्खी थोरली बहीण बाहेर आणि बैल शोकाकुल! मी पदर खोचून भांडायला निघाले होते. फाट्यापर्यंत गेलेसुद्धा. तिथं उभं राहून वाचलं आणि मला हसूच फुटलं. तू असतास तर म्हणाला असतास, "आक्का, जागा कमी व्हती गं, तुझ्यापरीस त्यानं जास्त नाव काढलंय." एवढं मनात आलं आणि मग रस्त्यावरच रडू आलं. पारगावची अंगणवाडीची बाई भर फाट्यावर रडतेय म्हणून दोन गाड्या थांबल्या.

तुला खरं सांगू? तू गेलास त्याचं दुःख अजून नीट करताच आलेलं नाही मला. कारण डोक्यात सारखं उद्याचंच चाललंय. उद्या नदीवर पिंड ठेवतील. कावळा शिवेपर्यंत सगळे हात जोडून उभे राहतील. नाही शिवला की आपली माणसं काय करतात तुला माहीत आहे. मेलेल्याच्या मनात काय राहिलंय ते ओळखायला लागतात आणि मोठ्यानं शब्द देतात. आपल्या आईच्या वेळी तूच ओरडला होतास, "आये, विहिरीचं काम पुरं करतो, घे आता," आणि कावळा आला होता. त्या विहिरीसाठी तू पुढं काय काय केलंस ते मी बघितलंय. पिंडापुढं दिलेला शब्द आपल्यात कुणी मोडत नाही.

आणि तुझ्या मनात काय राहिलंय, ते अख्ख्या महाळुंग्याला ठाऊक आहे. नाना कालच म्हणाले, "कावळ्याचं काय टेन्शन घेता, पाखऱ्या पळत राहील एवढं म्हटलं की झालं." आपल्या चुलत्यानंच असं म्हटल्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग नाना माझ्याकडं वळले. "तू थोरली हाईस. शब्द तूच द्यायचा."

मी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. कारण परवा स्वयंपाकघरात सुनंदा माझ्याजवळ आली होती. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "आक्का, मला न्हाई झेपायचं. त्याचा खुराक, त्याला पोहायला न्यायचं, पिकअपमधनं फिरवायचं, माणूस ठेवायचा. थोरलीचं मंचरचं कॉलेज हाय. शेत कोण बघायचं? पर माझ्या तोंडून निघायचं न्हाई ओ. लोक म्हणतील, नवरा गेला न्हाई तर बैल काढला. तुमीच काय ते करा." एवढं बोलून तिनं पुढची भाकरी घेतली.

म्हणजे बघ, मी शब्द दिला तर तुझी बायको मरते, आणि नाही दिला तर गाव म्हणणार, बघा, जन्मभर भावाच्या शौकाला नावं ठेवली, आता मेल्यावर सूड उगवला. कसं सांगू मी त्यांना? आणि सूड नाहीच आहे असं तरी मी छातीवर हात ठेवून कसं म्हणू? भांडलो तर आपण होतोच ना.

आठवतं, त्या दिवशी मी अंगणवाडीतून थेट तुझ्याकडं आले होते? वजनाचा दिवस होता. ऊसतोडीचा हंगाम, कारखान्याच्या अंगाला खोपी पडलेल्या, तिथली पोरं आमच्याकडं येतात. दंडाला ती रंगाची पट्टी लावायची असते, हिरव्यावर आली तर पोर धड, लाल आली तर वाळलेलं. एका चिमुरडीची पट्टी लाल आली. मला वाटलं माझीच चूक झाली, म्हणून परत लावली. परत लाल. तिची आई दारात उसाच्या पाचटानं खरवडलेले हात घेऊन उभी होती आणि विचारत होती, "बाई, काय म्हंती पट्टी?"

मी एसटीत बसून तडक तुझ्याकडं आले, आणि तू गोठ्यात बसून काय करत होतास? पाखऱ्याच्या दुधात गावरान अंडी फोडत होतास. एक फोडलं की कवच बाजूला, दुसरं फोडलं की कवच बाजूला. वर पंखा फिरत होता. त्याच्या अंगावर मच्छरदाणी. बाजूच्या डब्यात बदाम. माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते आता मला लिहवत नाही. तू हात पुसलेस आणि शांतपणे म्हणालास, "आक्का, मी ही अंडी फोडली न्हाई, तर ती त्या पोरीच्या ताटात जातील व्हय?"

"का न्हाई जाणार? नेऊन दे की!"

"बरं. देतो."

आणि दिलीस. मला वाटलं होतं नुसतं तोंडदेखलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी गाडी दारात, मागं अंड्यांचे ट्रे. आठवडाभर रोज. पोरं तुला 'अंडीमामा' म्हणायला लागली. तू त्यांना पाखऱ्याचे फोटो दाखवायचास मोबाईलवर आणि ती कपाळाला हात लावून नमस्कार करायची फोटोला. मला वाटलं, चला, भाऊ शहाणा झाला. मग यात्रांचा हंगाम लागला, तुझे गाडे सुरू झाले आणि तू विसरलास. रागानं नाही, ठरवून नाही, नुसता विसरलास. पोरं सकाळी दारात उभी राहून रस्त्याकडं बघायची. मी त्यांना काय सांगायचं? पहिल्यापासून दिलीच नसतीस तर मला एवढा राग आला नसता.

फोन केला तर म्हणालास, "मी काय सरकार हाय का, आक्का?"

तेव्हापासून आपलं ते भांडण सुरूच राहिलं. दर सणाला, दर लग्नात, पंगतीत बसल्यावरसुद्धा. आणि तू मला कधी जिंकू दिलं नाहीस. एकदा माळशेजच्या रस्त्यानं मढला चाललो होतो, रविवार होता, पुण्याची सायकलवाली मंडळी चढाला लागलेली. घट्ट कपडे, चष्मे, टोप्या. तू गाडी हळू केलीस आणि म्हणालास, "ही एकेक सायकल केवढ्याची असंल ठावं हाय का तुला? ह्यांना जाऊन इचार ना, गरिबाच्या पोरांना अंडी देता का म्हणून. न्हाई इचारायची तू. ह्यांचा तो व्यायाम आणि माझा तो माज. का, तर माझा शौक शेणात हाय." मी म्हटलं, "ते माझे भाऊ नाहीत. तू आहेस." तू पुन्हा गाडी जोरात काढलीस. मग गाणी लावलीस.

त्याच दिवशी तू मला मढच्या बाजूच्या त्या यात्रेत शर्यत दाखवायला नेलं होतंस. "एकदा बघ, मग बोल." मी तोंड वाकडं करून आले होते. बायका थोड्या, गर्दी सगळी पुरुषांची, धूळ, स्पीकरवर तो निवेदक घसा फाडून ओरडतोय. मी मनात म्हटलं, काय हा येडेपणा. आणि मग त्या चढाच्या धावपट्टीवर, तुमच्या 'घाटा'त, तुझा गाडा सुटला. पाखऱ्याची मान खाली, पाय दिसेनात. माझ्या पायाखालची जमीन हलली रे! मी कधी उठले, कधी ओरडायला लागले, मलाच कळलं नाही. "पळ रं माझ्या वाघा!" असं मी ओरडत होते, मी! एक चप्पल हरवली. पदर कुठं, मी कुठं. तू वर चढून आलास, तोंडभर गुलाल, आणि माझ्याकडं बघून नुसता हसत राहिलास. त्या वेळी मला टोचून बोलला नाहीस, त्याबद्दल तुझे उपकार. घरी येईपर्यंत घसा बसला. दुसऱ्या दिवशी पोरांना गाणं म्हणून दाखवता येईना.

आणि हे पण लिहिते, नाहीतर अन्याय होईल. पाखऱ्याच्या आधी पळायचा तो तुझा म्हातारा बैल त्याच हंगामात गेला, तेव्हा तू त्याचा दहावा घातला होतास. प्रवचन, मांडव, गावजेवण. मी म्हटलं, "अरे, बैलाचा दहावा?" तर म्हणालास, "माणसाचा करतो की आपण, आणि माणूस तर पळत बी न्हाई." पण त्या जेवणाला तू ट्रॅक्टर पाठवून खोपीतली सगळी माणसं आणलीस. सगळ्यात आधी त्यांची पंगत बसवलीस. स्वतः वाढलंस, आग्रह करकरून. ती लाल पट्टीवाली पोर तुझ्या मांडीवर बसून बुंदी खात होती. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला होता. तो तुला सांगायचा राहिला, कारण सांगितलं असतं तर तू लगेच म्हणाला असतास, "मग, हाय का न्हाई शौकाचा फायदा?"

तुझा एक प्रश्न मात्र माझ्या मानगुटीवर बसलाय. गेल्या दिवाळीत मी परत सुरू केलं, तेव्हा तू म्हणालास, "आक्का, तुझ्या पोराला पुण्यात एवढी भारी मोटरसायकल घेऊन दिलीस. तुझ्या कपाटात पैठणी हाय. ती इकून किती अंडी आली असती? तू मला रेघ मारून दाव, हितपर्यंत हौस आणि हितनं पुढं पाप. मी तिथं थांबतो. देवाशप्पथ थांबतो." मी म्हटलं, सांगते. पाटावरून उठून आत गेले आणि पाणी पीत उभी राहिले. बाहेर आले तर तू दुसराच विषय काढला होतास. तेव्हापासून मी रेघ शोधतेय बाळ्या. साडी नेसताना शोधते, बाजारात शोधते. हातात काही येत नाही. आणि आता तू छातीत कळ आली म्हणालास आणि मंचरला पोचायच्या आत निघून गेलास. तुझ्या बैलाचं मी ठरवायचं आणि मला माझ्या पैठणीचं ठरवता आलेलं नाही.

पलीकडच्या तालुक्यातला एक गाडामालक दोनदा येऊन पाखऱ्याला बघून गेलाय. पैसेवाला आहे. तिकडं त्याला बदाम कमी पडायचे नाहीत. म्हणजे विकला तरी शौक काही संपत नाही, फक्त गोठा बदलतो. मग मी एवढं रक्त का आटवलं?

मांडववाला आला परत. उठते. उद्याचं भय वाटतंय रे.

*

दहावा झाला. आता संध्याकाळ आहे, पाहुणे पांगलेत. हात धुऊन लगेच लिहायला बसलेय, नाहीतर धीर व्हायचा नाही.

नदीवर गर्दी मावत नव्हती. चार गावचे गाडामालक. पुढाऱ्यांची भाषणं झाली, त्यातल्या निम्म्यांनी तुझ्यापेक्षा पाखऱ्यावर जास्त बोलून घेतलं. पिंड थोरल्या पोरीनं ठेवला. जांभळावर कावळे होते, एक-दोन नाही, चांगले भरपूर. एक खाली उतरला, पिंडापाशी आला, मान वाकडी करून बघितलं आणि मागं सरकला.

तुझ्या दोस्तांनी सुरुवात केली. "बाळासाहेब, घाट गाजवू तुमच्या नावानं!" कावळा तिथंच. धाकटीनं रडत सांगितलं, "पप्पा, मी नीट शिकीन." कावळा तिथंच. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. नाना म्हणाले, "आक्के, बोल गं. जीव कशात अडकलाय ते दिसतंय की. एवढं म्हण आणि मोकळा कर त्याला."

मी सुनंदाकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती, दोन्ही पोरींचे हात धरून. बाळ्या, ओठावर आलं होतं रे. "पाखऱ्या पळत राहील." एवढेच शब्द. ते म्हटले असते तर कावळा आला असता, मला खात्री आहे, आणि सगळं गाव म्हणालं असतं, शेवटी बहीण ती बहीण. मी पुढं झाले. आणि म्हटलं, "बाळ्या, पाखऱ्या विकणार. चांगल्या घरात देऊ, त्याचे हाल व्हायचे न्हाईत. पर हितं ठेवणार न्हाई. हे मी म्हणतेय. मी, तुझी आक्का."

सुनंदाचं नाव घेतलं नाही. ते माझ्यावरच राहू दे.

कुणीतरी मागून म्हणालं, "अगं बाई, पिंडापुढं असं बोलत्यात व्हय?" नाना मान हलवत बाजूला झाले. आणि तो कावळा उडून गेला. आम्ही थांबलो. ऊन डोक्यावर आलं, पोरींना चक्कर यायची वेळ आली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं. लोक एकमेकांशी हळू बोलत घरी गेले. मला सगळं ऐकू येत होतं.

देणगी जाहीर करायची वेळ आली तेव्हा नानांनी मंदिराला जाहीर केली. मी माइकपाशीच उभी होते. खोपीतल्या पोरांचं नाव माझ्या तोंडात आलं आणि मी ते गिळलं. बैलाचे पैसे पोरींच्या शिक्षणाला जाणार, घराला जाणार, ते माझे नाहीत. म्हणजे बघ, तू अंडी बैलाला घातलीस तेव्हाही त्या पोरांना काही नव्हतं, आणि आज मी बैल विकते म्हटलं तरी त्यांना काही नाहीच. जन्मभर मी तुला हेच ऐकवत आले, की हा पैसा त्यांचा आहे. आणि ठरवायचं माझ्या हातात आलं तेव्हा मी तो आपल्या माणसांना दिला. तू असतास तर यावर काय म्हणाला असतास, ते मला कळतंय आणि ते ऐकायची माझी तयारी आहे.

जेवणं झाल्यावर सुनंदा आली आणि माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं, पण तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. मी बरोबर केलं का चूक, हे तिला विचारून उपयोग नाही. गावाला विचारून तर नाहीच. ते तुलाच विचारायचं होतं. कावळा शिवला नाही म्हणून लोक म्हणतात, बाळ्याचा जीव बैलात राहिला. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, तुला माझं पटलं नाही, आणि तू रुसलास.

लहानपणापासून तू मला एकदाही शेवटचा शब्द बोलू दिला नाहीस. मी एक म्हटलं की तुझं लगेच दुसरं तयार. एकदा तरी ह्याला गप्प करीन, असं मी मनाशी कितीदा म्हटलं असेल. आज सगळ्या गावासमोर मी बोलले आणि तुझ्याकडून काहीच आलं नाही. मी वाट बघितली, बाळ्या. तू जे काही म्हणशील ते म्हण. पण भांड की रे माझ्याशी.